चव्हाट्यावरचे गुपित



नांदेडहून हैदराबादेकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ महाराष्ट्राची हद्द ओलांडण्यापूर्वी ज्या मोठ्या गावातून जातो, ते गाव देगलूर. पूर्वेस तेलंगण, दक्षिणेस कर्नाटकाचा बीदर जिल्हा, आणि गावच्या पेठेत मराठी, तेलुगू, कानडी व दखनी या चारही भाषांची सारखीच वर्दळ. इतर गावी दुकानदारास गिऱ्हाइकादेखत आपल्या भागीदाराशी दोन गुप्त शब्द बोलावयाचे असले, तर तो चटकन दुसऱ्या भाषेत शिरतो आणि काम भागवून घेतो. देगलुरात ही युक्ती चालत नाही. दुसरी भाषा गिऱ्हाइकासही येते, पुष्कळदा तिसरीही येते. भाषा बदलली म्हणजे गुपित झाकले गेले, असे या गावात कोणी मानीत नाही. आजच्या विषयाचा पहिला धडा देगलूरची पेठ असा फुकट शिकवीत असते.

आता या गावातील एका कुटुंबाची कल्पना करावी. वडील भाऊ देगलुरातच राहतो, धाकटा पुण्यास नोकरीला आहे, बहीण हैदराबादेस दिलेली, आणि पुतणी शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेली. लेंडी नदीच्या काठची तीन एकर जमीन विकावयाची आहे, कारण आईच्या शस्त्रक्रियेचा खर्च उभा करणे भाग आहे. किती रुपयांखाली उतरावयाचे नाही, हा आकडा चौघांनी मिळून ठरवावयाचा. तो आकडा दलालाच्या कानी गेला, तर सौदा त्या आकड्यावरच येऊन थांबणार, आणि आईच्या उपचारातले पैसे तेवढ्याने कमी होणार. जुन्या काळी असे भावंडांचे बोलणे माजघरात होत असे आणि दार लोटून घेतले की पुरे. आज माजघर चार ठिकाणी विभागले आहे, आणि त्या चार खोल्यांना जोडणारी वाट सार्वजनिक आहे. मोबाइलवरील कुटुंबाच्या ‘ग्रुप’मध्ये वडील भावाने टाकलेला आकडा पुण्यास किंवा अमेरिकेस कसा पोहोचतो, आणि वाटेत तो कोण वाचू शकतो, हा प्रश्न त्या घराच्या दृष्टीने विद्वानांच्या वादाचा नाही, रोकड व्यवहाराचा आहे.

वाटेचे स्वरूप प्रथम पाहू. भारतात सामान्य माणसास आंतरजाल खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे. त्याची रचना टेलिफोनच्या जुन्या तारेसारखी नाही. दोघांसाठी एक स्वतंत्र तार राखून ठेवलेली नसते. पाठवावयाचा मजकूर लहान लहान पुड्यांत बांधला जातो, प्रत्येक पुडीवर पत्ता घालतात, आणि ती पुडी एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, अशी मुक्काम करीत जाते. ती यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांची, निरनिराळ्या देशांतील असतात. पोस्टकार्ड पोस्टमनला वाचता येते हे जाणूनच लोक पोस्टकार्डावर बेताचे लिहीत. उघड्या मजकुराची पुडी ही पोस्टकार्डासारखीच असते. फरक एवढाच की तिच्या वाटेतले पोस्टमन कोण व किती, हे पाठविणाऱ्यास ठाऊक नसते. बँकेच्या शाखा किंवा मोठ्या कंपन्यांची कार्यालयेसुद्धा आपापसांतील कागदपत्रे बहुधा याच सार्वजनिक वाटेने पाठवितात. मात्र त्या वाटेच्या पोटातून ती एक बंद बोगदा काढतात, म्हणजे पुडी दुसऱ्या कुलुपबंद पुडीत घालून रवाना करतात.

वाट परक्याची आणि गोष्ट घरची, ही अडचण नवी नाही. पानिपतची वार्ता नानासाहेब पेशव्यांना कशी कळली, ती कथा मराठी घरांत सर्वश्रुत आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी लढाई झाली. पेशवे उत्तरेच्या वाटेवर भेलशाच्या मुक्कामी असताना सावकारांचे एक पत्र त्यांच्या हाती लागले. त्यात दोन मोत्ये गळाल्याचा, सत्तावीस मोहरा हरवल्याचा, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची गणतीच नसल्याचा मजकूर होता, असे सांगतात. पत्र सराफी बोलीत होते. परंतु पेशव्यांस त्या बोलीचा उलगडा व्हावयास क्षणाचाही विलंब लागला नाही. मोत्ये कोणती हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरजच नव्हती. ज्याला प्रसंग ठाऊक आहे त्याच्यापुढे आडपडद्याची भाषा टिकत नाही. शाळेतील पोरे ‘मला’ या शब्दाचा ‘चलाम’ करून च-ची भाषा बोलतात आणि घरातल्या वडील माणसांना ती कळत नाही अशा आनंदात असतात. वडील माणसांनी तीच भाषा लहानपणी बोललेली असते, हे त्यांच्या गावीही नसते. सराफांचे गुपितही बव्हंशी त्याच जातीचे.

याहून पुष्कळ पक्के गुपित मराठी मुलखात एका संपूर्ण समुदायाने शतकानुशतके राखले, आणि त्याची एक हकीकत याच नांदेड जिल्ह्यातील माहूरशी जाऊन भिडते. महानुभाव पंथाची ती गोष्ट. तेराव्या शतकात, यादवांच्या अमदानीत, श्रीचक्रधरांनी या पंथाची उभारणी केली. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त मराठीत संकलित केल्या. माहूर हे श्रीदत्तात्रेयांचे स्थान म्हणून पंथास पूज्य. त्या स्थानाचे माहात्म्य गाणारे ‘सह्याद्रिवर्णन’ हे काव्य रवळोबासांचे, आणि ज्या ‘सकळ’ लिपीने पंथाचे ग्रंथ झाकून ठेवले तिचे जनकत्वही परंपरा याच रवळोबासांकडे देते. चौदाव्या शतकातील ही घटना. पुढे सुंदरी, अंक, शून्य, वज्र, मनोहरा अशा नावांच्या आणखी पुष्कळ लिप्या पंथात निर्माण झाल्या; परंतु सर्वाधिक प्रचारात राहिली ती सकळच.

तिचे तत्त्व सांगावयास सोपे आहे. मजकूर मराठीच, परंतु एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा खूण योजावयाची. कोणत्या अक्षरासाठी काय योजले, हा तक्ता म्हणजे किल्ली. ज्यास दीक्षा मिळाली, ज्याच्यावर गुरूचा विश्वास बसला, त्यासच तो तक्ता शिकवावयाचा. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत म्लेच्छित-विकल्प म्हणून जी सांकेतिक लेखनाची कला गणली, तिच्याच कुळातली ही लिपी. मात्र दोन प्रेमिकांतील चिठ्ठीपुरती मर्यादित कला येथे एका संपूर्ण संप्रदायाच्या वाङ्मयाचे कुलूप झाली. सोळाव्या शतकात पंथाचा प्रसार पंजाबात झाला आणि तेथून पेशावर-काबूलपर्यंत पोहोचला. मराठीचा गंधही नसलेल्या त्या मुलखांत मठांतून मराठी पोथ्या वाचल्या जात, आणि त्या वाहून नेणाऱ्याच्या झोळीत कोणीही हात घातला तरी त्याच्या हाती अगम्य अक्षरांपलीकडे काही लागत नसे. सार्वजनिक वाटेवरून जाणारा समुदायाचा खाजगी मजकूर याहून मोठ्या प्रमाणावर मराठीत दुसरा कोणी नेला असेलसे वाटत नाही.

या गुप्ततेची किंमतही पंथाने मोजली. जे वाचता येत नाही त्यात काहीतरी भलतेच असले पाहिजे, अशी समजूत लोकांत पसरावयास वेळ लागत नाही. ‘मानभावी’ हे विशेषण मराठीत ढोंगी माणसास लावले जाते. एका सात्त्विक, अहिंसक पंथाचे नाव भाषेत असे विटाळले गेले, यास त्या झाकलेल्या पोथ्या पुष्कळ अंशी कारण झाल्या. कुलुपामागे काय आहे याविषयी शेजाऱ्याने तर्क करावयाचे आणि त्या तर्कांचा बोभाटा करावयाचा, हा मनुष्यस्वभाव बदललेला नाही. आजही एखाद्याने आपले संदेश कुलुपबंद ठेवण्याचा आग्रह धरला की लपविण्यासारखे काय आहे, असे त्याला विचारले जातेच. त्या प्रश्नास उत्तर म्हणून लेंडीकाठच्या तीन एकरांकडे बोट दाखविता येईल.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी पंथातील महंतांचे साहाय्य मिळवून ते वाङ्मय उजेडात आणण्याचे काम पुढे नेले. १९२५ साली यशवंत खुशाल देशपांडे यांचा महानुभावीय मराठी वाङ्मयावरील ग्रंथ आला, आणि पुढील दशकात ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्र’ छापून प्रसिद्ध केले. मराठी गद्याचा केवढा तरी ठेवा त्यामुळे हाती आला, आणि पंथावरील अनेक किटाळेही धुतली गेली. हे सर्व चांगलेच झाले. परंतु गुपिताच्या शास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर त्यातून दोन उणिवा उघड होतात. पहिली उणीव अक्षरे बदलण्याच्या कोणत्याही पद्धतीत असते. बगदादच्या अल्-किंदीने ती नवव्या शतकातच दाखवून दिली होती. भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. खुणांची मोजदाद केली की कोणत्या खुणेमागे कोणते अक्षर दडले आहे याचा सुगावा लागतो. दुसरी उणीव अधिक खोल आहे. एक तक्ता सर्वांचा, आणि तो सर्व काळचा. तो एकदा बाहेर पडला की चौदाव्या शतकातील पोथीही उघडली आणि अठराव्या शतकातीलही. एखाद्या वाड्याच्या सर्व खोल्यांना एकच कुलूप, आणि त्याची किल्ली पाचशे वर्षांत कधी बदललेली नाही, तशातला हा प्रकार. पंथाच्या बाबतीत किल्ली अभ्यासकांच्या हाती पडली हे भाग्य. शत्रूच्या हाती पडती तरी परिणाम तोच होता.

शिवाय तक्ता शिकविण्यास गुरू-शिष्यांची गाठ पडावी लागे. देगलूरच्या भावाने पुण्याच्या भावास किल्ली कशी द्यावयाची? पत्राने किंवा फोनवर पाठवावी, तर तीही त्याच चव्हाट्यावरून जाणार. किल्ली पाठविण्यासाठी कुलूप हवे, आणि कुलुपासाठी किल्ली! हा पेच हजारो वर्षे सुटला नव्हता. तो सुटला १९७६ साली, व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकन संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाने. ब्रिटिश सरकारच्या गुप्त लेखन विभागातील गणितज्ञांना त्याच्या किंचित आधीच ही वाट सापडली होती, परंतु ते काम गुपित म्हणून दडपलेले राहिले आणि १९९७ साली उघड झाले. गुपिताच्या शास्त्रातील सर्वांत मोठा शोध स्वतःच गुपित राहून बसला, यात थोडी गंमत आहे.

त्या शोधाचे मर्म शाळेतल्या पाटीवर मांडता येईल इतके सुटसुटीत आहे. दोघा भावांनी उघडपणे, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असे, दोन आकडे ठरवावे: २ आणि ११. आता देगलूरच्या भावाने एक आकडा मनात धरावा; समजा ३. तो कोणास सांगावयाचा नाही. २ चा तिसरा घात ८. त्यास ११ ने भागले तर बाकी ८. ही बाकी त्याने मोठ्याने सांगावी. पुण्याच्या भावाने मनात ४ धरले. २ चा चौथा घात १६, ११ ने भागून बाकी ५. त्यानेही ५ हा आकडा मोठ्याने सांगावा. मग देगलूरकराने ऐकलेल्या ५ चा आपल्या मनातील ३ इतका घात करावा: १२५, ११ ने भागून बाकी ४. पुणेकराने ऐकलेल्या ८ चा आपल्या मनातील ४ इतका घात करावा: ४०९६, ११ ने भागून बाकी पुन्हा ४. दोघांच्या हाती ४ हा एकच आकडा आला, आणि तो तर दोघांपैकी कोणीच उच्चारला नव्हता! बाजाराने २, ११, ८ आणि ५ हे चार आकडे ऐकले. मनातले ३ आणि ४ ऐकले नाहीत. येथे आकडे चिमुकले असल्यामुळे चौथीतला मुलगाही ते शोधून काढील. परंतु ११ च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची संख्या घातली, म्हणजे बाकीवरून घात ओळखण्याचे काम आज ज्ञात असलेल्या रीतींनी व यंत्रांनी माणसाच्या आयुष्यात पुरे होत नाही. व्यवहारातील यंत्रे अशा अजस्र संख्या तरी वापरतात, किंवा त्याच तोडीच्या दुसऱ्या गणिती क्रिया. मोबाइल हा हिशेब निमिषात आणि धन्यास न सांगता उरकतो.

दोघांचा पेच असा सुटला. परंतु कुटुंब दोघांचे नसते, आणि समूह म्हटला की हिशेब फुगत जातो. दहा माणसांत प्रत्येक जोडीची एक किल्ली म्हटले तर ४५ किल्ल्या. पन्नासांत १,२२५. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात १,०२४ माणसे सामावतात. तेथे जोड्या होतात ५,२३,७७६. लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर इतक्यांदा निरनिराळ्या कुलुपांत घालून पाठविणे यंत्रासही जड. म्हणून तोड अशी काढली आहे की, प्रत्येक सभासदाने आपल्या संदेशांसाठी एक किल्ली तयार करावी, ती इतर प्रत्येकास जोडीच्या कुलुपातून एकदाच पोहोचती करावी, आणि मग संदेश एकदाच कुलुपबंद करून सर्वांकडे सोडावा. महानुभावांच्या तक्त्यापेक्षा येथे दोन गोष्टी वेगळ्या. संदेशागणिक किल्ली पुढे सरकते आणि वापरलेली किल्ली मोडून टाकली जाते. त्यामुळे आजची किल्ली चोराच्या हाती लागली तरी कालची वाचून झालेली पुडी तिने उघडत नाही. दुसरी गोष्ट, एखादा सभासद ग्रुप सोडून गेला की उरलेल्यांनी किल्ल्या नव्याने घडवावयाच्या. भांडून वेगळ्या झालेल्या भावाने जुनी किल्ली खिशात ठेवली, तर पुढच्या बोलण्यास ती लागू पडता कामा नये.

मोठ्या समूहात हे नव्याने घडविणे फार दगदगीचे ठरते. त्यावर जुलै २०२३ मध्ये आंतरजालाच्या तांत्रिक मंडळाने एक नवी रीत प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. तिच्यात सभासदांना वंशवृक्षासारखे मांडले जाते. दोघांची एक फांदी, दोन फांद्यांची एक डहाळी, असे करीत वर एकच खोड. कोणी गेला तर साऱ्या झाडाला हात लावावा लागत नाही, त्या पानापासून खोडापर्यंतच्या सांध्यांपुरते काम पुरते. १,०२४ पानांच्या झाडात असे सांधे अवघे दहा. भाऊबंदकीचे झाड काढण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला ही युक्ती परकी वाटू नये.

व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये या धाटणीचे कुलूप सर्व संदेशांना लावले. म्हणजे गणिताच्या दृष्टीने देगलूरच्या कुटुंबाचा आकडा वाटेत सुरक्षित आहे; खुद्द ती कंपनीही तो वाचू शकत नाही. येथेच पुष्कळ लोक निश्चिंत होतात, आणि ही निश्चिंती अस्थानी आहे. कुलूप वाटेला आहे, टोकांना नाही. वडील भावाचा मोबाइल चावडीच्या कट्ट्यावर उघडा पडला असेल, तर गणिताने काय करावे? पुण्याच्या भावाने पडद्याचे छायाचित्र काढून एखाद्या ‘विश्वासू’ मित्रास धाडले, तर सहाशे अंकी संख्या त्याचा हात धरीत नाही. संदेशांची नक्कल दूरच्या साठ्यात ठेवण्याची सोय असते. ती नक्कलही कुलुपात ठेवण्याचा पर्याय व्हॉट्सॲपने २०२१ साली दिला, परंतु तो पर्याय आपण होऊन निवडावा लागतो, आणि तो निवडणारी माणसे फार नसावीत.

आणखी एक गोष्ट कुलुपात मावत नाही. पुडीवरचा पत्ता उघडाच लागतो, नाही तर ती पोहोचावी कशी? कोणी, कोणास, केव्हा, किती वेळा लिहिले, हे वाहून नेणाऱ्यास पुष्कळ अंशी दिसते. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. त्यावरचे शब्द कोणीही ऐकावे यासाठीच होते. गुप्त ठेवावयाचे होते ते बोलणाऱ्याचे ठिकाण. म्हणून यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवीत राहावे लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी त्या जागेवर छापा घातला आणि उषाबाईंस अटक झाली. शब्दांपेक्षा ठावठिकाणा अधिक घातक ठरण्याचे प्रसंग असतात, आणि आजच्या कुलुपांनी हा प्रश्न पुरता सोडविलेला नाही.

येथवर कुटुंबाच्या रक्षणाची बाजू झाली. दुसरी बाजू देगलूरच्या दाराशीच आहे, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. देगलूर तालुक्यास लागूनच बीदर जिल्ह्याचा औराद तालुका. तेथील मुरकी या गावी १३ जुलै २०१८ रोजी हैदराबादेहून मित्राकडे आलेल्या तरुणांच्या मोटारीस जमावाने अडविले. त्यांच्यापैकी एकाने शाळेतल्या मुलांस चॉकलेटे दिली होती, एवढ्यावरून ते मुले पळविणारे असल्याचा संशय उठला. त्यांची चित्रफीत व्हॉट्सॲपच्या ग्रुपांतून मोटारीच्या पुढे धावली, आणि पुढच्या गावी लोक वाट अडवून उभे राहिले. एका तरुण अभियंत्याचा त्यात बळी गेला. त्याच महिन्याच्या १ तारखेस धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे अशाच अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ठेचून मारले गेले. भिक्षा मागत हिंडणारी मंगळवेढ्याकडची माणसे ती. अफवा ज्या बंद पुड्यांतून फिरली त्या कुलुपबंदच होत्या, म्हणून तिचा उगम कोठे हे शोधणे कठीण. त्या जुलैतच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये, असा निर्बंध घातला.

पुढे २५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नियम केले, की पन्नास लाखांहून अधिक नोंदलेले वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांनी, योग्य आदेश आल्यास, मजकुराचा मूळ कर्ता कोण हे दाखविता आले पाहिजे. व्हॉट्सॲपने त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. कंपनीचे म्हणणे, एकाचा माग ठेवावयाचा तर सर्वांचाच ठेवावा लागेल. सरकारचे म्हणणे, गंभीर गुन्ह्यांतच ही मागणी होईल. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिलेला होता. परंतु तो अनिर्बंध नाही, हेही त्याच निर्णयात आहे.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे हे खरे. तरी मुरकीची हकीकत नीट वाचली, तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. तेथे पोलिसांनी अनेकांना पकडले, आणि ज्या ग्रुपावरून ती चित्रफीत फिरली त्याच्या चालकासही पकडले. कोणतेही कुलूप फोडावे न लागता हे झाले, कारण चित्रफीत शेकडो गावकऱ्यांच्या हातांत उघडी होती. शेकडो अनोळखी माणसांचा ग्रुप ही मुळी खाजगी जागाच नव्हे. तो बाजार आहे, फक्त त्याला दार लावले आहे इतकेच. चौघा भावंडांचे माजघर आणि तो बाजार या दोहोंना एकच कुलूप लावलेले असते, ही खरी अडचण. बाजारात दंगा झाला म्हणून माजघराचे दार काढून टाकण्याने दंगा थांबेल, असे मानण्यास मुरकी आधार देत नाही. उलट, आलेली चित्रफीत पुढे ढकलण्यापूर्वी एकाने जरी मित्राच्या गावी फोन करून पाहुणे कोण आहेत हे विचारले असते, तर तो अभियंता घरी परतला असता. निदान तसा संभव होता.

आता पुन्हा देगलूरच्या कुटुंबाकडे. त्यांच्यासाठी एक धोका शिल्लक आहे, आणि तो डिफी-हेलमनच्या युक्तीतच दडलेला आहे. भर बाजारात ८ हा आकडा उच्चारला तो थोरल्या भावानेच, हे पुण्याच्या भावास कसे कळावे? मध्ये उभ्या राहिलेल्या भामट्याने थोरल्याचे सोंग धाकट्यापुढे आणि धाकट्याचे सोंग थोरल्यापुढे वठविले, तर दोघेही त्याच्याशीच किल्ल्या जुळवून बसतील आणि दोघांनाही कुलूप पक्के वाटेल. यासाठी व्हॉट्सॲपमध्ये प्रत्येक जोडीस साठ अंकांची एक पडताळणीची संख्या दिलेली असते. पाच-पाच अंकांचे बारा गट. दोघांच्या मोबाइलवर ती सारखी असली पाहिजे. समोरासमोर बसून पाहावी हे उत्तम. ते शक्य नसेल, तर एकाने फोन करून मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने ताळा घ्यावा. साठ अंक वाचावयास दोन मिनिटे पुरतात. आकडे कोणी ऐकले तरी बिघडत नाही. महत्त्व आहे ते ओळखीच्या आवाजास.

आणि ग्रुपाची यादीही उघडून पाहावी. जमिनीचा आकडा लिहिण्यापूर्वी तर अवश्य पाहावी. मागल्या वर्षी वारलेल्या मामांचा क्रमांक तीत तसाच असेल. काढावयास कोणाचे मन झाले नसेल. बंद पडलेला क्रमांक काही काळाने दूरसंचार कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकास देऊन टाकते. ते गिऱ्हाईक कोठले, कोण, आणि जमिनीचे दलाल तर नव्हे ना, हे कुटुंबातील कोणासच माहीत नसते. मामांचे छायाचित्र भिंतीवर राहू द्यावे. क्रमांक मात्र यादीतून काढावा, आणि मगच आकडा लिहावा.